जग शिकायचं, पण कुठल्या भाषेत?

अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांत ‘ग्लोबल स्टडीज’ घेऊन पदवी मिळवता येते, ही बातमी आपल्याकडच्या घरांत अलीकडेच पोचली आहे. मुलगी बारावीला, मार्क चांगले, वाचन भरपूर, इंजिनिअरिंगचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. एक दिवस ती मिनेसोटा किंवा मेनमधल्या, घरात कुणी नावही न ऐकलेल्या कॉलेजाची माहिती वडिलांपुढे धरते. वडील विचारतात, हे आहे कुठं? मग, यात शिकवतात काय? आणि मग, मनात सर्वांत आधी आलेला पण शेवटी विचारलेला प्रश्न: पुढं काय? पहिल्याचं उत्तर नकाशात मिळतं. तिसऱ्याकडे मी नंतर येतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र कॉलेजांनाही धड देता येत नाही, आणि माझं भांडण तिथंच आहे.

विषय तसा तरुण. आंतरराष्ट्रीय संबंध या जुन्या विषयात सगळा कारभार राष्ट्रांचा: त्यांचे करार, युद्धं, राजदूत. त्या चौकटीत न मावणारं बरंच काही असतं. स्थलांतरित मजूर, कंटेनरची जहाजं, साथीचे रोग, सीमा ओलांडून पसरणारे पंथ, पाण्याखाली जाऊ घातलेली बेटं. हे सगळं एकत्र घेऊन नव्वदच्या दशकात ग्लोबल स्टडीज उभं राहिलं. सांता बार्बारा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्या दशकाच्या मध्यात त्याची पदवी सुरू झाली आणि मग छोट्या कॉलेजांनी एकामागून एक तो विषय उचलला. आराखडा बहुतेक ठिकाणी सारखाच. पहिल्या वर्षी विषयाची ओळख. नंतर एक ‘थीम’ निवडायची: पर्यावरण, मानवी हक्क, सुरक्षा, आरोग्य. जोडीला एखादा प्रदेश, थोडी भाषा, एक सत्र परदेशात आणि शेवटच्या वर्षी एक प्रबंध. कागदावर हे छान दिसतं. पण भाषा इथं ताटातल्या लोणच्यासारखी वाढलेली असते. असली तर चव येते, नसली तरी जेवण अडत नाही.

माझं म्हणणं असं, की जेवण अडलं पाहिजे. निदान एका परक्या भाषेत भांडता येईल, रुसता येईल, सरकारी कागद वाचता येईल, इतकी ती भाषा आली नाही, आणि निदान एका मुलखात किराणा दुकानदार नावानं ओळखेल इतका मुक्काम झाला नाही, तर ग्लोबल स्टडीजची पदवी देऊ नये. आणि हे करून घ्यायला छोट्या कॉलेजाइतकी योग्य जागा दुसरी नाही. तिथं हे होत नसेल तर मोठ्या विद्यापीठांत ते होईल, ही आशाच सोडावी.

छोटं म्हणजे किती छोटं? मिनेसोटातल्या नॉर्थफील्ड गावातलं कार्लटन कॉलेज घ्या. गावाची वस्ती वीस हजारांच्या आसपास, आणि ‘गायी, कॉलेजं आणि समाधान’ हे गावाचं ब्रीद. कॉलेजात विद्यार्थी दोन हजार. पदव्युत्तर वर्ग नाहीत, पीएच.डी. नाही. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या मुलाचा निबंध कुणा शिकाऊ साहाय्यकाकडे जात नाही, खुद्द प्राध्यापक तो वाचतात आणि समासात लाल शाईनं खडसावतात. आपल्याकडे शंभर-सव्वाशेच्या वर्गात मागच्या बाकावर बसून पदवी घेतलेल्यांना याचं मोल सांगायला नको.

या छोट्या कॉलेजांचं आणि मराठी मुलखाचं नातं आपल्याला वाटतं त्याहून फार जुनं आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजच्या परिसरात संगमरवराचा एक स्तंभ आहे आणि त्याच्या माथ्यावर पृथ्वीचा गोल. १८०६च्या उन्हाळ्यात वादळी पावसात पाच विद्यार्थी तिथं गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि आशियात ख्रिस्ताचा संदेश न्यायचा त्यांनी संकल्प केला. त्यातून १८१०मध्ये परदेशी धर्मप्रसारासाठी अमेरिकन बोर्ड स्थापन झालं. स्तंभावर बायबलमधलं वचन कोरलं आहे: शेत म्हणजे जग. त्याच कॉलेजातून १८०८ साली बाहेर पडलेला गॉर्डन हॉल १८१३च्या फेब्रुवारीत मुंबई बंदरात उतरला. कंपनी सरकार त्याला हाकलायला निघालं होतं. तो चिवटपणे राहिला, मराठी शिकला, मराठीत लिहू लागला आणि १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्यानं गेला. त्याच्या मिशनच्या छापखान्यात काम शिकलेले गणपत कृष्णाजी पुढे स्वतःचा छापखाना काढून मराठी पंचांग छापू लागले. अहमदनगरहून (आजचं अहिल्यानगर) १८४२मध्ये ‘ज्ञानोदय’ निघालं, तेही याच मिशनचं.

म्हणजे अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजातून ‘जगाचा’ ध्यास घेऊन निघालेल्या पहिल्या पदवीधरांपैकी एक आपल्याच दारात येऊन थांबला होता. त्याच्या हेतूचं कौतुक करायचं कारण नाही. समोरच्याचा धर्म चुकीचा आणि आपला बरोबर, ही खात्री गाठीशी बांधूनच तो बोटीत चढला होता. पण मराठी आल्यावाचून इथं कुणी आपलं ऐकणार नाही, हे त्याला कळत होतं. बाजारात बसून, शिव्याशाप खाऊन त्यानं भाषा कमावली. पुढच्या दोनशे वर्षांत अमेरिकी कॉलेजांनी या वारशातलं काय ठेवलं आणि काय टाकलं, याचा हिशेब मांडला तर माझा मुद्दा आपोआप स्पष्ट होतो.

मधला टप्पा शीतयुद्धाचा. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेला घाम फुटला. १९५८च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यानं विज्ञानाबरोबरच परदेशी भाषांच्या शिक्षणासाठीही सरकारी पैसा ओतला. शत्रू किंवा होऊ घातलेला मित्र, दोघांचीही भाषा यायला हवी होती. याच सुमारास पीएल ४८० या अमेरिकी कायद्याखालचा गहू आपल्याकडे येत होता. तो आपण रुपयांत विकत घेत होतो, ते रुपये भारतातच साचत होते आणि त्यातल्या काही रुपयांतून १९६२पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकी ग्रंथालयांकडे रवाना होऊ लागली. शिकागो आणि फिलाडेल्फियाच्या ग्रंथालयांत आज मराठी पुस्तकांची जी कपाटं आहेत, त्यांच्या पायात आपल्या रेशनचा गहू आहे. हेतू याही वेळी निर्मळ नव्हता. पण पुन्हा तेच: भाषेला पर्याय नाही, असं पैसे देणाऱ्यांना वाटत होतं, म्हणून भाषा शिकवली गेली.

छोट्या कॉलेजांना एकट्यानं मराठीचा शिक्षक ठेवणं परवडणारं नव्हतं. त्यांनी त्यावर जी तोड काढली ती आजही शिकण्यासारखी आहे. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या डझनभर कॉलेजांनी एकत्र येऊन साठच्या दशकाच्या अखेरीस पुण्यात एक कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थी आधी अमेरिकेत मराठीचे धडे घ्यायचे, मग पुण्यात येऊन महिनोन्‌महिने इथल्या कुटुंबांत राहायचे. सदाशिव पेठेत किंवा डेक्कनला एखादी उंच, गोरी मुलगी सायकलवरून जाताना भाजीवालीशी घासाघीस करताना दिसली, की जुने पुणेकर ओळखत, ही त्यातलीच. या विद्यार्थ्यांना मराठी शिकवणाऱ्यांत होत्या मॅक्सिन बर्नसन. स्वतः अमेरिकन, पण फलटणची बोली अभ्यासता अभ्यासता तिथल्याच झाल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि प्रगत शिक्षण संस्था उभी केली. परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं त्यांनी जाई निंबकरांबरोबर लिहिली. मराठी मुलांना वाचायला-लिहायला कसं शिकवावं, हे पुढं त्यांच्याकडून आपल्याच शिक्षकांनी घेतलं.

या सगळ्या खटपटीत कार्लटनच्या एलिनॉर झेलियट यांचा मोठा वाटा. १९६९ ते १९९७ त्यांनी तिथं इतिहास शिकवला. डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ हा त्यांचा पीएच.डी.चा विषय, प्रबंध १९६९चा, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला. त्या काळी आपल्याकडच्या इतिहास विभागांनीही या विषयाला फारसा हात लावला नव्हता. झेलियटबाईंनी त्यासाठी मराठी पत्रकं वाचली, माणसांशी मराठीत बोलल्या, चोखामेळ्याचे अभंग आणि एकनाथांची भारुडं इंग्रजीत नेली, दलित कवितेला अमेरिकेत वाचक मिळवून दिले. त्यांचा दरारा मोठ्या विद्यापीठांतल्या पंडितांवर होता आणि त्यांच्या वर्गात मात्र बसायची अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, ज्यांना आदल्या वर्षी महाराष्ट्र कशाशी खातात हेही ठाऊक नव्हतं. छोट्या कॉलेजाची खरी श्रीमंती मी यालाच म्हणतो.

गेल ऑमव्हेट त्याच कार्लटनच्या. झेलियट तिथं रुजू होण्याआधीच त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या, त्यामुळे दोघींना गुरू-शिष्य म्हणता येणार नाही, जरी तसं म्हणायचा मोह होतो. बर्कलेतून सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर १९७३मध्ये डॉक्टरेट, मग सांगली जिल्ह्यातलं कासेगाव, भारत पाटणकरांशी लग्न, १९८३ साली भारताचं नागरिकत्व, श्रमिक मुक्ती दलाच्या धरणग्रस्तांच्या आणि दुष्काळग्रस्तांच्या लढ्यांत सहभाग. २०२१च्या ऑगस्टमध्ये कासेगावातच त्या गेल्या. त्यांची मतं सगळ्यांना पटत नसत. जागतिकीकरणावर त्या घेत असलेली भूमिका तर डाव्या चळवळीतल्या त्यांच्या मित्रांनाही पचत नसे. पण त्यांच्याशी वाद घालायचा तर मराठीत घालता येत होता, कासेगावच्या ओट्यावर बसून. तुमच्याविषयी लिहिणाऱ्या माणसाला तुमच्या भाषेत ‘हे चुकलं’ असं तोंडावर सांगता येणं, ही सोय दुसऱ्या कशानं मिळत नाही.

इथं कुणी म्हणेल, तुम्ही तीन असामान्य बायकांची नावं घेऊन सरसकट नियम करताय. बरोबर आहे. शिवाय त्यांच्यातली एकही ग्लोबल स्टडीजची पदवीधर नाही. त्या शिकत होत्या तेव्हा तो विषयच नव्हता. पुण्याला येऊन गेलेली बहुतेक मुलं पुढे वकील झाली, बँकांत गेली, शाळांत शिकवू लागली, आणि मराठी विसरली असतील. विसरू देत. पुण्यातल्या कुणाच्या तरी आजीनं चौथी पोळी ताटात टाकली तर तिला न दुखवता नको कसं म्हणायचं, हे ज्याला मराठीत शिकावं लागलं, तो माणूस पुढे कुठल्याही टेबलाशी बसला तरी समोरच्याच्या नकाराला आणि होकाराला वेगळ्या कानानं ऐकतो. परदेशी राहून काय मिळतं याचे कितीही तक्ते भरा, हे त्यात बसत नाही.

या कार्यक्रमाचा मुक्काम पुढे पुण्याहून जयपूरला हलला, मराठीच्या जागी हिंदी आली. एकूणच हवा उलट फिरली. अमेरिकेच्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या पाहणीनुसार २०१६ ते २०२१ या काळात तिथल्या कॉलेजांत इंग्रजीखेरीज इतर भाषा शिकणाऱ्यांची संख्या १६.६ टक्क्यांनी घटली. २०२३मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठानं परदेशी भाषांच्या पदव्या बंद करायचं ठरवलं. दुसरीकडे परदेशी जाणाऱ्यांची संख्या, कोविडची दोन वर्षं सोडली, तर वाढतीच. मेरीलँडमधल्या गाउचर कॉलेजानं तर २००६पासून प्रत्येक विद्यार्थ्याला परदेशी जाणं सक्तीचं केलं. मग कोडं काय? कोडं मुक्कामाच्या लांबीत आहे. अमेरिकेतून शिकायला बाहेर जाणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त विद्यार्थी आठ आठवडे किंवा त्याहून कमी राहतात. पूर्ण शैक्षणिक वर्ष राहणारे शंभरात जेमतेम दोन-तीन.

तीन आठवड्यांत मुंबई पाहणाऱ्या मुलांचा कार्यक्रम आपण डोळे मिटून सांगू शकतो. धारावीत एक फेरी, एका स्वयंसेवी संस्थेत दुपार, एका स्टार्टअपमध्ये सकाळ, रात्री गटचर्चा, आणि शेवटी समस्येवरच्या ‘सोल्युशन’चं सादरीकरण. दुभाषा इंग्रजी बोलणारा, यजमान इंग्रजी बोलणारे, ड्रायव्हरही शक्यतो इंग्रजी जाणणारा. जे इंग्रजीत बोलत नाहीत त्यांच्याविषयी बरंच बोलणं होतं, त्यांच्याशी होत नाही. माहितीपत्रकांतून मात्र ‘चेंजमेकर’ घडत असतात. गॉर्डन हॉलकडून घ्यायची होती ती चिकाटी आणि सोडायची होती ती आपणच दुसऱ्याला वाचवणार ही खात्री. ग्लोबल स्टडीजच्या बऱ्याच विभागांनी खात्री तेवढी जपली. फक्त बायबलच्या जागी विकासाची उद्दिष्टं आली.

प्रदेशाला आणि भाषेला इतकं धरून बसलात तर जग कसं दिसणार, हा खरा गंभीर आक्षेप. हवामानबदल एका तालुक्यात मावत नाही. मान्य. पण जग कुठून दिसतं? एक उदाहरण नाशिक जिल्ह्यातलं. लासलगाव म्हटलं की आपल्याला कांदा आठवतो. तिथं भाभा अणुसंशोधन केंद्रानं कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरणोत्सर्गाचं एक केंद्र उभं केलं. अमेरिकेनं भारतीय आंब्याला कित्येक वर्षं दार बंद ठेवलं होतं, कारण कोयीतली कीड आणि फळमाशी. दोन्ही देशांत अणुकराराची बोलणी चालू असतानाच आंब्याचाही प्रश्न सुटला, आणि २००७च्या मोसमात हापूस आणि केशर लासलगावला किरणांखालून जाऊन अमेरिकेला रवाना झाले. अट अशी, की अमेरिकेच्या कृषी खात्याचा निरीक्षक इथं हजर हवा. आता हे सगळं एका जागी पाहा. अणुविज्ञान, परराष्ट्र धोरण, कीटकशास्त्र, कोकणातला बागायतदार, वाशीचा दलाल, न्यू जर्सीतली मराठी गृहिणी आणि तिनं एका पेटीला मोजलेले डॉलर. जागतिक व्यापार यापेक्षा स्पष्ट कुठल्या पाठ्यपुस्तकात दिसेल? पण देवगडच्या बागायतदाराला पेटीमागे हातात काय उरलं, हे तो इंग्रजीत सांगणार नाही. आणि मराठीतही पहिल्या भेटीत सांगणार नाही. दुसऱ्या मोसमात सांगेल, तेही त्या वर्षी मोहोर गळला नसेल तर.

जगाच्या एका कोपऱ्यात नीट उभं राहिलं की बाकीच्या कोपऱ्यांविषयी किती थोडं कळतं, हे कळतं. सगळीकडे थोडं थोडं फिरलेल्याला ते कधीच कळत नाही. म्हणून खोलीच्या बदल्यात व्याप्ती, असा हा सौदा नाहीच.

भाषा आली म्हणजे सगळं साधलं, असंही मी म्हणणार नाही. जेम्स लेन हे मिनेसोटातल्याच सेंट पॉल शहरातल्या मॅकॅलेस्टर कॉलेजातले प्राध्यापक. संस्कृत आणि मराठी जाणणारे, पुण्यातल्या विद्वानांत उठबस असलेले. त्यांच्या २००३ सालच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकातल्या मजकुरानं काय झालं ते आपल्या सगळ्यांना आठवतं. जानेवारी २००४मध्ये भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या साधनांची नासधूस झाली. राज्य सरकारनं घातलेली बंदी पुढे मुंबई उच्च न्यायालयानं उठवली आणि २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय कायम ठेवला. त्या मजकुराबद्दल लोकांना राग आला तो मला समजतो. ग्रंथालय फोडणाऱ्यांबद्दल मात्र मनात तसूभर सहानुभूती नाही. पण त्या प्रकरणातून अमेरिकी कॉलेजांनी जो धडा घ्यायला हवा होता तो ‘भारतात संशोधन जोखमीचं’ हा नव्हता. सेंट पॉलमध्ये लिहिलेलं वाक्य आता पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरही वाचलं जातं, आणि ज्यांच्याविषयी लिहिलं ते आपले वाचकही आहेत, हा धडा होता. ग्लोबल स्टडीजच्या पहिल्या वर्षाला हे प्रकरण शिकवलं पाहिजे, कुणाचीही बाजू न लपवता.

आता पैसा. ही कॉलेजं महाग आहेत. राहण्या-जेवण्यासह वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर, म्हणजे सत्तर लाखांच्या घरात. यांची मदत उदार असते हे खरं, पण बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देतानाच त्याच्या घरची ऐपत पाहिली जाते. ॲमहर्स्ट किंवा बोडनसारखे अपवाद थोडे. आणि नोकरीचं गणित आपल्या मुलांसाठी आणखी कडक. पदवीनंतर अमेरिकेत काम करायला सगळ्यांना एक वर्ष मिळतं. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी दोन. ग्लोबल स्टडीज सहसा त्या यादीत नसतं. त्यामुळे वडिलांच्या तिसऱ्या प्रश्नाला हसण्यावारी नेणारे समुपदेशक मला अजिबात आवडत नाहीत. कर्ज काढून ही पदवी घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. शिष्यवृत्ती मिळत असेल तर मात्र कॉलेजाला एकच गोष्ट खोदून विचारा: तिसऱ्या वर्षाच्या पातळीपर्यंत तुमच्याकडे कुठल्या भाषा शिकवल्या जातात, आणि त्या शिकवणारे शिक्षक कायम आहेत की वर्षाच्या करारावर? उत्तर ऐकताना आवाज किती अडखळतो, त्यावरून विभागाची खरी तब्येत कळते.

आपल्या मुलांचा आणखी एक वेगळाच पेच आहे. तिथल्या वर्गात भारतावर बोलायची वेळ आली की सगळ्या माना त्यांच्याकडे वळतात. बाणेरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठी वर्तमानपत्र कधी हातात न धरलेली मुलगी तिथं एकाएकी ‘ग्लोबल साउथ’चा, म्हणजे विकसनशील देशांचा, आवाज होते, ऊसतोड कामगारांवर बोलते आणि वर्गाला ते अस्सल वाटतं. अस्सल नसतं हे तिला मनातून ठाऊक असतं. भाषेची अट तिलाही लावावी, असं मी म्हणतो. आणि तिच्या बाबतीत ती भाषा मराठीच असली तरी माझी हरकत नाही.

लांब जायचं नसेल तरी चालेल. मॅकॅलेस्टरला आपल्या १९६१च्या तुकडीतल्या कोफी अन्नान यांचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. संयुक्त राष्ट्रांचा झेंडा त्या कॉलेजात १९५०पासून फडकतो आहे. पण त्याच सेंट पॉल शहरात ह्‌मोंग लोकांची मोठी वस्ती आहे. लाओसमधल्या अमेरिकेच्या छुप्या युद्धात अमेरिकेच्या बाजूनं लढून, हरून, निर्वासित होऊन आलेली ही माणसं. पलीकडे मिनीॲपोलिसमध्ये अमेरिकेतला सर्वांत मोठा सोमाली समाज. नॉर्थफील्डहून अर्ध्या तासाच्या आत असलेल्या फॅरिबोत टर्कीच्या कारखान्यात सोमाली कामगार राबतात. शीतयुद्ध, यादवी, मांसउद्योग, इस्लाम, मजुरी: ग्लोबल स्टडीजची अख्खी अनुक्रमणिका बसच्या तिकिटात येते. मिनेसोटा विद्यापीठात सोमाली आणि ह्‌मोंग शिकवलेही जातात. त्या विद्यापीठाशी हातमिळवणी करून या दोन भाषा छोट्या कॉलेजांनी आपल्या अभ्यासक्रमात सक्तीनं आणल्या, तर विमानाच्या तिकिटापेक्षा स्वस्तात पडेल. जुन्या पुण्याच्या कार्यक्रमामागे हीच तर अक्कल होती: एकट्याला झेपत नसेल तर डझनभरांनी मिळून करायचं.

आणि आपल्याकडे? २०२०च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर लिबरल आर्ट्सचं वारं इथंही जोरात आहे. पुण्याच्या पश्चिमेला मुळशी तालुक्यात लवळ्याच्या डोंगरावर फ्लेम विद्यापीठ आहे. पुढे पौडजवळच्या टेकडीवर १९९७पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तिथं जगभरातली मुलं बारावीपर्यंत शिकतात आणि त्यातली अनेक, डेव्हिस शिष्यवृत्तीच्या जोरावर, ज्या अमेरिकी छोट्या कॉलेजांविषयी मी बोलतोय तिथंच जातात. त्या टेकडीच्या पलीकडे मुळशीचं धरण आहे. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांनी ते बांधायला घेतलं, पन्नासच्या आसपास गावांच्या भातखाचरांवर पाणी येणार हे दिसलं आणि १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकारानं मावळे शेतकरी सत्याग्रहाला बसले. जगातल्या सुरुवातीच्या धरणविरोधी लढ्यांपैकी हा एक. परदेशी भांडवलाच्या तोडीचं देशी भांडवल, राष्ट्रीय चळवळीतल्या पुढाऱ्यांची चलबिचल, शहराची वीज आणि गावाची जमीन, मोबदला कुळाला की सावकाराला: आज जगभर ‘विकास आणि विस्थापन’ म्हणून जे शिकवलं जातं ते सगळं तिथं शंभर वर्षांपूर्वी घडून गेलंय. त्याची पत्रकं, वर्तमानपत्रांतले लेख, सत्याग्रहींच्या आठवणी मराठीत आहेत, आणि उठवलेल्या गावांतल्यांचे नातू-पणतू त्याच खोऱ्यात राहतात.

या टेकड्यांवर शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला, तो पेरूचा असो की पुण्यातल्या कोरेगाव पार्कचा, पहिल्याच सत्रात मराठीचा वर्ग सक्तीचा करावा आणि वर्षाअखेरीस धरणकाठच्या एखाद्या घरी दुभाष्याशिवाय पाठवावं. आठवड्याला सहा तास, दोन पगारी शिक्षक आणि एसटीचा पास. खर्च एवढाच आहे.